यंत्राचा जीर्णोद्धार : जुन्या लेथची नवी वाटचाल

जीर्णोद्धार हा शब्द आपण मराठी माणसांनी देवळांसाठी राखून ठेवला आहे. गाभारा तोच राहतो, जोते तेच राहते. भंगलेले शिखर उतरवून नवे चढवतात, गळका सभामंडप दुरुस्त होतो, आणि देऊळ पुढच्या शंभर वर्षांसाठी उभे राहते. यंत्राच्या बाबतीत मात्र आपली भाषा फारच निष्ठुर आहे. यंत्र जुने झाले की ते 'मोडीत काढतात'. वस्तुस्थिती तशी नाही. गेल्या काही दशकांत हुबळी-धारवाड, बेळगाव, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यातील कारखान्यांतून जुन्या लेथना नवे नियंत्रण आणि नव्या मोटारी बसवून त्यांना पुन्हा कामाला लावण्याचा एक धंदाच उभा राहिला आहे. कारखान्यात त्याला रेट्रोफिटिंग म्हणतात. कामाचे स्वरूप पाहिले तर त्याला जीर्णोद्धार हेच नाव शोभेल. कमरीपेठेतील आणि एकूणच हुबळी-धारवाडातील मराठी घराण्यांचा लोखंडाच्या कामाशी जो जुना संबंध आहे, त्या संबंधाच्या संदर्भात या जीर्णोद्धाराचा इतिहास मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

या भागात मराठी कुटुंबे एकाच लाटेत आली नाहीत. कोणी पेशवाईतील कारभाराच्या निमित्ताने आले, कोणी व्यापारासाठी, कोणी इंग्रजी अमलात शाळा-कचेऱ्यांतील नोकरीसाठी. परंतु हातात हातोडी आणि कानस घेतलेल्या माणसांना येथे आणले ते मुख्यतः रेल्वेने. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य ठाणे धारवाड येथे होते. पुढे ज्या इमारतीत कर्नाटक कॉलेज नांदले, ती मुळात या रेल्वेच्या कचेरीची इमारत. १८८५ च्या सुमारास हुबळीचा रेल्वे कारखाना सुरू झाला. वाफेच्या इंजिनांची आणि डब्यांची दुरुस्ती हे त्याचे काम. अशा कारखान्याचा आत्मा म्हणजे लेथ. कारण आस, चाके, बुशे, खिळे, आटे या सर्वांना अखेर लेथवरच गोलाई येते.

रेल्वे कारखान्याने या प्रदेशाला पगाराबरोबर एक नवी भाषा दिली. टर्नर, फिटर, मोल्डर हे शब्द घराघरांत रूढ झाले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे माप सुताराच्या कट्ट्यावरून यंत्रशाळेत आले आणि कानडी व मराठी कारागिरांच्या तोंडी सारखेच बसले. आजही जुना फिटर 'अर्धा सूत घे' म्हणतो, तेव्हा तो एका इंचाचा सोळावा भाग मागत असतो.

याच काळात याच भूमीवर दुसरी एक घटना घडत होती. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी १८४३ साली अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला आणि मराठी संगीत रंगभूमीला तिचा प्रवर्तक मिळाला. त्याच गावी २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी केली, बेळगावात बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान चालवले, आणि तेथेच कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर विकले जाण्यास फार वेळ लागला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडल स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

वाङ्मयप्रेमी वाचकांना याच कारखान्याची दुसरी बाजू अधिक परिचित असेल. नांगरांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी या हेतूने १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्यातून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर', १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके उभी राहिली. ओतशाळेच्या धुरातून मराठी मासिकांचे एक युग जन्माला यावे, ही घटना आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात जितकी महत्त्वाची, तितकीच यंत्रांच्या इतिहासातही आहे. यंत्र आणि लेखणी या दोन निराळ्या जातीच्या वस्तू आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष मात्र १९४१. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी यंत्रांची आवक आटली होती आणि लेथची मागणी वाढली होती. अशा वेळी तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी लेथ बनवण्यासाठी स्थापन झाली. नदीच्या अलीकडे मुंबई इलाख्याचा धारवाड जिल्हा, पलीकडे म्हैसूर संस्थान. आणि हुबळीहून बंगळूरकडे जाणारी आगगाडी हरिहरावरूनच जाते. त्यामुळे हुबळीच्या कारागिराला हरिहर कधी परके वाटले नाही. पुढे १९४६ मध्ये बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक सुरू झाली आणि कालांतराने तिचा एक कारखाना हुबळीत गोकुळ रस्त्यावर आला. म्हणजे लेथ आणि लेथला फिरवणारी मोटार, दोन्ही एका रेल्वेमार्गाच्या टप्प्यात तयार होऊ लागल्या.

येथे लेथच्या अंतरंगाकडे थोडे वळले पाहिजे. त्यावाचून पुढील जीर्णोद्धाराचे मर्म कळणार नाही. लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार सरकते. साधी गोलाई काढायची असेल तर हत्यार किती वेगाने सरकले याला फारसे महत्त्व नाही. आटे पाडायचे असतील तर मात्र वस्तूच्या फिरण्याशी हत्याराच्या सरकण्याचा संबंध तंतोतंत जुळावा लागतो. दीड मिलिमीटर अंतराचा आटा हवा, तर वस्तूचा एक फेरा पूर्ण होताना हत्यार बरोबर दीड मिलिमीटर पुढे गेले पाहिजे. इंग्लंडात हेन्री मॉड्स्ले याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जुळणी एका अचूक लांब स्क्रूच्या आणि दातेरी चाकांच्या साहाय्याने साधली. त्या स्क्रूला लीडस्क्रू म्हणतात. लीडस्क्रूचा आटा सहा मिलिमीटरचा असेल, तर दीडच्या आट्यासाठी त्याला वस्तूच्या एका फेऱ्यात पाव फेरा द्यायचा. म्हणजे २० आणि ८० दात्यांची चाके लावली की काम झाले.

आपल्याकडे या हिशेबात एक गंमतीची अडचण आली. जुने लेथ इंचाच्या मापाचे. १९५६ साली वजनेमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान मापे क्रमाक्रमाने लागू झाली. इंचाला चार आटे असलेल्या लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडायचे कसे? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. या संख्येचा हिशेब पूर्णांकात आणायचा तर १२७ दात्यांचे चाक लागते. त्याहून लहान चाकाने तो नेमका जुळत नाही. दीडचा आटा पाडण्यासाठी ३० दात्यांचे चाक आणि त्याच्या जोडीला हे १२७ दात्यांचे चाक लावले, की इंचाचा लेथ बिनचूक मिलिमीटर बोलू लागतो. त्याच १९५६ साली, १ नोव्हेंबर रोजी, धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि येथील मराठी कुटुंबांच्या सरकारी कागदांची भाषा बदलली. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, असा व्यवहार दोन पिढ्यांनी निभावला. मोठ्या कुटुंबातील जो कोणी दोन्ही भाषांत सफाईने वावरे, त्याचे स्थान त्या १२७ दात्यांच्या चाकासारखेच होते. त्याचे काम लोकांच्या नजरेत भरत नसे. पण त्याच्याशिवाय जुळणीही होत नसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे निधनही त्याच वर्षी, २६ सप्टेंबर रोजी झाले.

तोवर जगात एक नवे पर्व सुरू झाले होते. अमेरिकेत जॉन पार्सन्स हा उद्योजक हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामात गुंतलेला होता. वक्र आकार हाताने कापण्याऐवजी आकड्यांच्या आज्ञेने कापता येतील, ही त्याची कल्पना. तेथील हवाई दलाच्या पैशातून १९४९ मध्ये काम सुरू झाले आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत अशा यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. ज्या संस्थेतून लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अभियंता होऊन बाहेर पडले, तीच ही संस्था. आता खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ते पहिले संख्यानियंत्रित यंत्र नव्याने घडवलेले नव्हते. सिनसिनाटी कंपनीचे तयार मिलिंग यंत्र घेऊन त्याच्या जुन्या यंत्रणेच्या जागी नवी चालकयंत्रणा बसवली होती, आणि शेजारी शेकडो निर्वात नळ्यांचे कपाट उभे केले होते. म्हणजे या विद्येचा आरंभच रेट्रोफिटिंगने झाला. जुने यंत्र मोडून नव्हे, तर त्याच्या अंगावरच नवे युग चढले.

त्या यंत्राला आज्ञा दिली जाई ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून. ही कल्पना मात्र विणकराची. फ्रान्समध्ये जाकार याने १८०४ च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवरून मागावर नक्षी उठवली होती. मागाचा आवाज ऐकत वाढलेल्या आपल्या जुन्या पेठांतील मंडळींना हा धागा विशेष जवळचा वाटेल.

जपानमध्ये फुजित्सू कंपनीने १९५६ मध्ये हे काम हाती घेतले. १९७२ मध्ये तिचा हा विभाग वेगळा होऊन फानुक ही कंपनी झाली. भारतात १९५३ मध्ये बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स स्थापन झाली, १९६२ मध्ये यंत्रसाधनांच्या संशोधनासाठी तेथेच केंद्रीय संस्था निघाली. निर्वात नळ्यांच्या जागी अर्धवाहक आले, पुढे कपाटातच लहानसा संगणक बसला आणि सीएनसी हे नाव रूढ झाले. ऐंशीच्या दशकात सीएनसी लेथ आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यांत दिसू लागले. १९९१ नंतर आयातीवरील बंधने सैल झाल्यावर परदेशातील वापरलेली यंत्रेही लहान उद्योजकाच्या आवाक्यात आली. हुबळीच्या तारिहाळ आणि गोकुळ रस्ता परिसरातील, तसेच बेळगावच्या उद्यमबागेतील कितीतरी छपरांखाली पहिला सीएनसी लेथ आला तो असाच, कोणाच्या तरी हातचा.

या यंत्रांनी एक अनपेक्षित धडा शिकवला. जुन्या साध्या लेथमध्ये जे झिजे ते लोखंड. सीएनसी लेथमध्ये लोखंडाआधी मरतो तो मेंदू. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या नियंत्रणातील कार्डांचे सुटे भाग मिळेनासे होतात, विद्युतधारित्रे सुकतात, पडदा मंद होतो. यंत्राच्या स्मृतीतील मूलमापे एका लहान बॅटरीवर जिवंत असतात. लांबलेल्या सुटीत ती बॅटरी संपली तर सोमवारी सकाळी यंत्र स्वतःचे सर्व काही विसरून बसलेले असते. त्या काळच्या डीसी सर्वो मोटारींचे कार्बन ब्रश झिजतात आणि त्यांची काळी भुकटी आत साचते. या सर्वांच्या खाली ओतीव लोखंडाचा बेड मात्र शांतपणे पडून असतो, नवा असताना होता त्याहून अधिक स्थिर. कारण ओतकामात थंड होताना बीड लोखंडात जे ताण अडकून राहतात, ते वर्षे जातात तसे निवळतात. जुने कारखानदार म्हणूनच कास्टिंग महिनोन्‌महिने उघड्यावर ऊनपावसात ठेवीत आणि मगच यंत्रणास घेत. लोणच्याप्रमाणे लोखंडही मुरावे लागते. मुरलेला बेड बाजारात नव्याने विकत मिळत नाही, हेच जीर्णोद्धाराचे मूळ समर्थन आहे.

परंतु प्रत्येक जुने यंत्र जीर्णोद्धारास पात्र नसते, आणि येथेच कारागिराची कसोटी लागते. पहिले काम विजेचे नसून मोजमापाचे आहे. बेड पाणसळीत आहे काय, स्पिंडल डगमगतो काय, चाचणीचा सरळ दांडा लावून डायल फिरवली तर काटा किती हलतो, हे आधी पाहिले जाते. बहुतेक जॉब आखूड असल्यामुळे बेड चकाजवळ अधिक झिजतो आणि दूरच्या टोकाला जवळजवळ नवा राहतो. ही असमान झीज कोणत्याही संगणकाला पुरती भरून काढता येत नाही. त्यासाठी बेड पुन्हा घासून घ्यावा लागतो, सॅडलखाली कमी घर्षणाचे अस्तर चिकटवून गेलेली उंची परत आणावी लागते, आणि शेवटी निळी शाई लावून, ठिपके पाहत, हाताने स्क्रॅपिंग करावे लागते. मॉड्स्लेच्या काळापासून या शेवटच्या पायरीला पर्याय सापडलेला नाही. स्क्रूमधील ढिलाईचेही तसेच. नियंत्रणात आकडा भरून थोडी ढिलाई लपवता येते, पण झिजलेला बॉलस्क्रू आकड्याने बरा होत नाही.

हा पाया पक्का झाल्यावर नव्या अवयवांची पाळी येते. डीसी मोटारींच्या जागी एसी सर्वो मोटारी बसतात. त्यांना ब्रश नसतात आणि त्यांच्या पाठीवरील एन्कोडर अक्ष कोठे आहे ते क्षणोक्षणी सांगतो. मोटार निवडताना केवळ ताकद पाहून चालत नाही. सरकणाऱ्या भागाच्या जडत्वाशी मोटारीचे जडत्व जुळावे लागते, आणि जुन्या शरीराला झेपेल एवढाच वेग द्यावा लागतो. म्हाताऱ्या बैलाला शर्यतीच्या गाडीला जुंपण्यात शहाणपण नाही. स्पिंडलच्या मोटारीला वेग बदलणारा ड्राइव्ह मिळतो. स्पिंडलशी एकास एक प्रमाणात दुसरा एन्कोडर जोडला जातो. तो एका फेऱ्यात उदाहरणार्थ १०२४ स्पंदने देतो, आणि नियंत्रण ती मोजून हत्यार सरकवते. मॉड्स्लेच्या दातेरी चाकांचे काम आता ही स्पंदने करतात. १२७ दात्यांच्या त्या चाकाला येथे निवृत्ती मिळाली. इंच की मिलिमीटर, हे एका आज्ञेने ठरते. रीती बदलली, पण फिरणे आणि सरकणे यांचा जुना करार अबाधित राहिला.

यापुढचा भाग सर्वांत नाजूक. चक केव्हा आवळायचा, तेल केव्हा सोडायचे, दार उघडे असेल तर स्पिंडल फिरू द्यायचा की नाही, कोणत्या क्रमाने टरेट उचलून वळवून पुन्हा बसवायचा, हे सारे शहाणपण जुन्या यंत्रात रिलेंच्या जाळ्यात गुंफलेले असते. ते नव्या पीएलसीत पुन्हा लिहावे लागते. नकाशे बहुधा अर्धवट असतात, किंवा वीस वर्षांतील दुरुस्त्यांनी खोटे ठरलेले असतात. अशा वेळी संगणक जाणणारा तरुण अभियंता आणि त्या यंत्रावर आयुष्य काढलेला टर्नर यांनी शेजारी उभे राहावे लागते. 'चक आवळल्यावर जरा थांबून मगच फेरा सुरू व्हायचा, साहेब. दाब भरायला वेळ लागतो', हे वाक्य कोणत्याही पुस्तिकेत नसते. ते ऐकले नाही तर पहिल्याच जॉबला अपघात ठरलेला. जीर्णोद्धार बिघडतो तो पुष्कळदा येथे. म्हाताऱ्याला विचारण्याचे सुचत नाही म्हणून.

जुन्या यंत्राचे जतन करण्याची दुसरी रीतही आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२० मध्ये हुबळीत रेल्वेचे संग्रहालय झाले आणि जुन्या काळाच्या खुणा तेथे आदराने मांडल्या गेल्या. संग्रहालयातील वस्तू जशी होती तशी ठेवतात. तिच्याकडून काम मागत नाहीत. जीर्णोद्धारात वस्तूचे मूळ रूप काही अंशी हरवते, पण तिचे काम चालू राहते. दोन्हींची गरज आहे. मात्र अमुक यंत्र कोणत्या वाटेने जावे हे ठरवताना भावनेपेक्षा हिशेब बरा. बेड भेगाळलेला असेल, स्पिंडलची घरे विटलेली असतील, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीकडे झुकत असेल, तर त्याला भट्टीत जाऊ द्यावे. बीड वितळून पुन्हा बीडच होते. लोखंडाच्या जगात तोही एक पुनर्जन्मच.

हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना नव्या शतकाच्या आरंभी बंद पडला. कर्त्या कंपनीचे नाव पुसले गेले, तरी तिचे लेथ लहानमोठ्या शेडमधून आजही फिरत आहेत. काहींना नव्या मोटारी व ड्राइव्ह लाभले आहेत. या इतिहासातून चिंता वाटावी अशी एकच गोष्ट निघते. नवे नियंत्रण विकत मिळते, मोटारी विकत मिळतात, त्या चालवणारी मुले येथील तंत्रमहाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात. निळ्या शाईचे ठिपके वाचून स्क्रॅपर चालवणारे हात मात्र दरवर्षी कमी होत आहेत, आणि ते हात गेल्यावर मुरलेल्या बेडचा उपयोग कोणाला करता येणार नाही. आपल्या घराण्यांतील निवृत्त टर्नर, फिटर आणि मोल्डर यांच्यापाशी जे ज्ञान आहे, त्याला लेखणीची सवय नाही. किर्लोस्करवाडीने एके काळी नांगराच्या माहितीपत्रातून मासिक उभे केले होते. ते स्मरून आपल्या मंडळाच्या सभासदांनी घरातील एकेका जुन्या कारागिराजवळ बसावे आणि त्याचे शब्द, त्याची मापे, त्याच्या हातच्या युक्त्या सुबोध मराठीत लिहून काढाव्यात. यंत्रांचा जीर्णोद्धार करणारे आपल्यात आहेत. विद्येच्या जतनाचे हे काम साहित्यसेवकांचे आहे, आणि त्याला फार दिवस हाती उरलेले नाहीत.